तपकिरी पाट्या

तपकिरी पाटी म्हणजे प्रेक्षणीय स्थळ,
निळी म्हणजे नुसतं गाव.
पहिल्या दिवशी कुंजुमोनने एवढंच शिकवलं
आणि हातात पाना दिला.

अकरा वर्षं निझवाच्या चहूअंगांनी खड्डे खणतोय,
दीड हात लांब, दीड हात रुंद, कमरेइतके खोल.
खांब ओळंब्यात धरायचा, काँक्रीट ओतायचं,
दोन दिवसांनी येऊन पाटी कसायची.
बाहला किल्ला, बाण डावीकडे.
अल-हूता गुहा, बाण सरळ.
जबल शम्स, कोपऱ्यात डोंगराचं चित्र,
खाली उरलेले किलोमीटर,
जे मी कधी गेलोच नाही.
गाडी कंपनीची, डिझेल मोजून.
बाण दाखवायचा आणि मागे फिरायचं.

मुलगी फोनवर विचारते, पप्पा,
ती दरी खरंच एवढी खोल आहे का,
व्हिडिओत दिसते एवढी?
हो तर, मी म्हणतो,
फाट्यावर उभा राहून.

एकदा गेलो. शुक्रवारी, स्वतःच्या पैशाने.
बकऱ्यांचा बाजार पाहिला:
मालक बकऱ्यांना गोल फिरवतात,
गिऱ्हाइकं गोल बसतात,
आणि त्या सगळ्यांभोवती आणखी एक गोल, कॅमेऱ्यांचा.
किल्ल्याचं तिकीट पाच रियाल.
मनातल्या मनात रुपये केले, मग करायचे सोडून दिले.
बुरूज देखणा आहे, खोटं कशाला बोलू.
वरून खजुरीचं हिरवं रान, त्यापलीकडे भाजलेले डोंगर,
आणि रस्त्याच्या कडेला माझी पाटी,
पाठीमागून.
पाठीमागून सगळ्याच पाट्या करड्या असतात.

मग मार्चमध्ये एक निळी आली, एकच.
घाफैन.
हे कुठं आलं, कुंजुमोनलाही ठाऊक नव्हतं.
इब्रीच्या अलीकडे डांबर संपतं,
मग वादीतले गोटे, मग धूळ, मग एक पत्र्याचं दुकान,
फ्रिजमध्ये ताक आणि टायरचे ट्यूब शेजारी शेजारी.
घाफैन म्हणजे घाफची दोन झाडं.
होतं एकच.

हमूद बिन नासर कहवा घेऊन आला, मागून खजूर.
बाण कुठं करणार? त्याने विचारलं.
गावाकडे.
तो इतका हसला की फिंजानातला कहवा सांडला.
गावात काय आहे बघायला? ये, दाखवतो.

होता एक पाट.
वीतभर रुंद, चुन्याने लिंपलेला, डोंगराच्या पोटातून आलेला.
जमिनीत रोवलेली काठी, तिची सावली,
सावलीच्या वाटेवर ओळीने मांडलेले दगड.
सावली चौथ्या दगडाला टेकली,
तसा हमूद वाकला,
एका तोंडातला चिंध्यांचा बोळा उपसून
पाणी त्याने शेजाऱ्याच्या खजुरीत सोडलं.

आमच्या पांझरेच्या फडावर माझा काका पाटकरी होता.
असाच वाकायचा, एक हात गुडघ्यावर,
आणि कुणी पाळीवरून भांडलं की म्हणायचा,
पानी कोना बापनं नई शे.
धरण झालं, फड मोडला,
काका शेवटपर्यंत ओट्यावर बसून
कुणाचं तरी पाणी मोजत राहिला.

माझं मलाच कळलं नाही.
दुसरा बोळा उचलला,
पिळला, जुनं तोंड दाबून बंद केलं,
फट राहिली तिथं अंगठ्याने चिखल भरला.
हमूद बघत राहिला.
तुला कुणी शिकवलं?

माझी अरबी सगळी पाट्यांवरची:
यमीन, यसार, थांबा, पुढे वळण.
काका, पांझरा, फड यातलं काहीच तिच्यात बसेना.
सीदा, मी म्हणालो.
सरळ.
हा शब्द दोघांचाही होता,
म्हणून त्याने मान डोलावली,
की नुसतीच डोलावली, देव जाणे.

संध्याकाळी पाटी कसली.
खांब ओळंब्यात, बाण गावाकडे.
पुढे किती किलोमीटर, ते तिच्यावर नव्हतंच.

रात्री मुलीला फोटो पाठवला:
पाणी, चिंध्या, म्हाताऱ्याचं मनगट.
तिचा लगेच निरोप आला,
पप्पा, हा तर आपल्याकडचा पाट.
तिकडचं काहीतरी पाठवा ना.